आज भातच लावा

आमच्या गिरणीत रांग माणसांची नसायची, डब्यांची असायची. दळण आणलं की डबा शेवटच्या डब्याच्या मागे ठेवायचा आणि माणसाने कुठेही जायचं. भाजी घ्या, पोराला शाळेतून आणा, नाहीतर समोरच्या कट्ट्यावर बसून दुसऱ्यांच्या सुना कशा आहेत ते ऐका. डबा तुमच्या वतीने उभा असतो. त्यामुळे आत शिरणाऱ्या बाईला रांग दिसायची, पण ती किती वेळाची आहे हे कळायचं नाही. एका डब्यात अडीच किलो गहू असतील नाहीतर काठोकाठ भरलेली ज्वारी. ते फक्त माझ्या सासूबाईंनाच कळायचं. सांगायचं की नाही, आणि सांगायचं तर कधी, हेही त्याच ठरवायच्या.

लग्न होऊन मी बदलापूरला, कुळगावात आले तेव्हा सासरी पिठाची गिरणी आहे हे मला माहीत होतं. तिथे मलाही उभं राहावं लागणार आहे हे कुणी बोललं नव्हतं. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. सासरे अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी ही गिरणी घेतली, पण ती नीट चालू लागायच्या आतच ते गेले. नवरा एमआयडीसीत कामाला. म्हणून गिरणी सासूबाईंची झाली. गावात तिला 'जयभीमवाल्या मावशींची गिरणी' म्हणायचे. सुरुवातीला काही घरं उपासाचं दळण आमच्याकडे टाकत नसत असं मी ऐकलं. मी आले तोवर राजगिरा, वरई, शिंगाडा सगळं येत होतं आणि सासूबाई त्याबद्दल कधी एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त उपासाच्या दळणाआधी जातं जरा जास्तच निगुतीने झाडायच्या.

दोन गल्ल्या सोडून स्टेशनच्या बाजूला तेव्हा एक नवी गिरणी झाली होती. तिथला मालक हसतमुख, कपाळाला पीठ लागलेला गोरागोमटा माणूस. त्याच्याकडे कधीही जा, तो एकच सांगायचा, "बसा ताई, दहा मिनिटं फक्त." पुढे दोन डबे असोत की भिंतीपर्यंत लागलेले असोत, दहाच मिनिटं. लाईट गेलेली असली तरी दहा मिनिटं. माझा नवरा त्याला दहा मिनिटवाला म्हणायचा आणि आईला चिडवायचा की तू पण तसंच सांग, बघ गर्दी कशी होते ती. त्यात तथ्य होतं. दहा मिनिटवाल्याकडे गर्दी आमच्यापेक्षा जास्त होती. बाया त्याला शिव्या घालत बसायच्या, पण बसायच्या.

सासूबाईंचं तसं नव्हतं. सकाळी स्टेशनला पळता पळता डबा टेकवून जाणारे एक कारकून होते. रोज विचारायचे, पुढे किती नंबर आहेत. सासूबाई त्यांना कधीच सांगायच्या नाहीत. "तुम्ही संध्याकाळी न्यायला येणार. तुम्हाला काय करायचेत नंबर?" असं म्हणून डबा ओढून घ्यायच्या. मला ते उद्धट वाटायचं. मग हळूहळू लक्षात आलं, त्या माणसाला रांगेचा काही उपयोगच नव्हता. सांगितलं असतं तर गाडीत बसून उगाच पिठाची काळजी केली असती त्याने.

एक म्हातारे गृहस्थ यायचे, एकटे राहणारे. मूठभर गहू आणायचे आणि सगळी सकाळ बसायचे. त्यांनी विचारलं की सासूबाई हमखास विषय बदलायच्या, गुडघा कसा आहे म्हणायच्या. मी एकदा म्हटलं, अहो आई, त्यांना सांगा की तासभर लागेल, बिचारे घरी जाऊन पडतील तरी. तर म्हणाल्या, घरी जाऊन कुणाशी बोलतील?  खरं सांगायचं तर मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं की नवऱ्याबद्दलही तोवर तेवढं वाटलं नव्हतं.

पण जिला वेळ सांगून उपयोग होता, तिला त्या सांगायच्याच, आणि तिचा डबा जमिनीला टेकायच्या आत सांगायच्या. हे त्यांचं ठरलेलं होतं. डबा एकदा टेकला की माणूस बसतं, म्हणायच्या. अर्धा तास बसलं की उठवत नाही, इतका वेळ बसलो आता थोडक्यासाठी कशाला जायचं असं वाटतं, आणि मग सगळा दिवस जातो. म्हणून बाई पायरीवर दिसली की सासूबाई पट्ट्याच्या आवाजावर आवाज काढून विचारायच्या, आज पोळ्या की भात? पोळ्या म्हटलं आणि रांग मोठी असली तर तिथूनच सांगायच्या, "आज भातच लाव. पीठ उद्या ने." सकाळी साडेदहाच्या आत आणि संध्याकाळी पाचच्या आत हे सांगून व्हायला हवं, कारण त्यानंतर तांदूळ धुवून भात लावायलाही उशीर होतो. पोरं शाळेतून भुकेली येतात, नवरा कामावरून येतो, आणि घरात पीठही नाही, भातही नाही. सासूबाईंच्या घड्याळात बाराचे ठोके नव्हतेच. भाताची वेळ होती आणि भाताची वेळ टळली होती, बस्स.

ऐकून कुणी डबा ठेवून जायच्या, तर कुणी डबा उचलून थेट दहा मिनिटवाल्याकडे जायच्या. मला ते जाणारे डबे बघवायचे नाहीत. सासूबाई तिकडे बघायच्याच नाहीत.

मग लोडशेडिंग वाढलं. बदलापुरात तेव्हा दिवसातले कित्येक तास लाईट नसायची आणि अंबरनाथला वेगळे तास, उल्हासनगरला आणखी वेगळे. वेळापत्रक पेपरात यायचं, पण लाईट पेपर वाचत नव्हती. आता रांग किती वेळाची हे सासूबाईंनाही नक्की सांगता येईना. तिथे त्यांनी एक युक्ती काढली होती. आमच्याकडे एका लाईनमनची बायको दळण टाकायची. लाईट अवेळी गेली की सासूबाई वीज बोर्डाच्या ऑफिसात फोन लावायच्या नाहीत, तिथे फोन कुणी उचलायचंच नाही. त्या लाईनमनच्या बायकोला विचारायच्या, साहेब जेवायला घरी येणार आहेत का? घरी येणार असतील तर काम किरकोळ आहे. त्यांनी डबा खांबाशी मागवला असेल तर मोठं आहे, दुपारभर जाईल. हा अंदाज फारसा चुकायचा नाही आणि सगळी गल्ली त्यावर स्वयंपाक ठरवायची.

ज्या दिवाळीची मी गोष्ट सांगतेय, त्या आठवड्यात दिवसा लाईट जाणार नाही असं जो तो म्हणत होता. गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. बेसनाची डाळ, अनारशांचे तांदूळ, चकलीची भाजणी, सगळं एकदम. त्यात मागच्या चाळीतल्या एक वहिनी होत्या. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, दोन घरची पोळीभाजी करणाऱ्या, नवरा असून नसल्यासारखा. त्यांच्या हातच्या चकल्या खाऊन अंबरनाथच्या एका कँटीनवाल्याने त्यांना दिवाळीची ऑर्डर दिली होती, कंपनीतल्या लोकांना वाटायला. ठरल्या दिवशी दुपारपर्यंत चकल्या पोचल्या पाहिजेत, आणि वेळेवर पोचल्या तर कँटीनचा चहाबरोबरचा खाऊ वर्षभर तुमच्याकडूनच घेईन, असं तो बोलला होता. वहिनी ही गोष्ट आठवडाभर जो भेटेल त्याला सांगत होत्या. लोकांच्या घरचा एक ओटा तरी सुटेल, म्हणायच्या.

ठरल्या दिवसाच्या आदल्या सकाळी वहिनी भाजणीचे दोन मोठे डबे घेऊन आल्या. धान्य भाजून, गार करून आणलेलं, धण्याजिऱ्याचा वास साऱ्या गिरणीत पसरला. पुढे बरेच डबे होते, पण दुपारच्या आत नंबर लागला असता. सासूबाईंनी तसं सांगितलं आणि वहिनींनी डबे टेकवले. त्यांच्या पुढचे निम्मे डबे झाले आणि लाईट गेली.

पट्टा थांबला की गिरणीत एकदम शांतता होते, आणि मग सगळ्याजणी एकदम बोलू लागतात. तसंच झालं. आत्ता येईल, दिवाळी आहे, असं म्हणत सगळ्या बसल्या. वहिनीही बसल्या. अर्धा तास गेला, आणखी गेला. तेवढ्यात लाईनमनची बायको स्वतःचा डबा बघायला आली. सासूबाईंनी विचारलं. ती म्हणाली, त्यांचा डबा घेऊन पोरगा आत्ताच गेला, मोठ्या डीपीपाशी आहेत सगळे.

सासूबाई उठल्या, कोपऱ्यातल्या फोनपाशी गेल्या आणि उल्हासनगरला फोन लावला. तिथे एका सिंधी शेटजींची पापडाच्या पिठाची चक्की होती. आमच्या जात्याच्या दगडाला टाकी लावून धार देणारा माणूस त्यांच्याकडूनच यायचा, म्हणून ओळख. त्यांच्याकडे त्या वेळी लाईट होती आणि संध्याकाळपर्यंत जाणार नव्हती. सासूबाईंनी आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांना बजावलं की माझी एक बाई भाजणी घेऊन येतेय, तिला बसवू नका, आणि तुमच्या उडदामिऱ्याचा वास लागेल म्हणून आधी थोडे तांदूळ दळून काढा, मग भाजणी घाला. मग वहिनींसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"उठ. डबे घे आणि गाडी पकड. उल्हासनगरला सांगून ठेवलंय."

वहिनींच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. त्यांना वाटलं, आपल्याला काढतायत. एवढ्या बायका बसल्यात आणि नेमकं आपल्यालाच जा म्हणतायत. म्हणाल्या, "येईल की मावशी लाईट. मी थांबते ना. माझं काही म्हणणं नाही."

"तू थांबलीस तर मला बरंच वाटेल गं. कोण आपणहून गिऱ्हाईक घालवतं? पण लाईट तीनला आली तर तुझ्या चकल्या कधी व्हायच्या? बाकीच्यांचं बेसन उद्या झालं तरी लाडू होतात. आत्ता निघालीस तर तुझ्या हातात दुपार आहे. आणखी तासाने सांगितलं तर माझ्या सांगण्याचा तुला काय उपयोग?"

एवढं लांब बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. वहिनींनी एकदा बंद जात्याकडे बघितलं, एकदा वर ट्यूबलाईटकडे. मग दोन्ही डबे उचलले आणि निघाल्या. मी रिक्षापर्यंत एक डबा धरायला गेले. रिक्षात बसताना त्यांनी तो माझ्या हातातून ओढूनच घेतला.

मी परत येऊन पदराने घाम पुसते न पुसते तोच ट्यूबलाईट फडफडली आणि लागली.

गिरणीत कुणी हुर्रे केलं नाही. सगळ्यांनी आधी सासूबाईंकडे बघितलं. एक बाई, तिचं नाव मी घेणार नाही कारण ते मला आठवलं तरी राग येतो, हसून म्हणाली, "मावशी, दहा मिनिटं तरी थांबवायचं होतं की तिला."

मला त्या ट्यूबलाईटचा असा राग आला की वाटलं काठी घेऊन फोडावी. रस्त्यावर धावत गेले, पण रिक्षा केव्हाच वळली होती आणि वहिनींकडे मोबाईल कुठला असायला. आत आले तर सासूबाईंनी मोटर चालू केली होती आणि पुढचा डबा ओतत होत्या. त्यांचा हात नेहमीसारखाच चालत होता. फक्त दुपारी त्या जेवल्या नाहीत. भूक नाही म्हणाल्या.

मध्येच मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, आई, तुमची काय चूक, तुम्हाला काय माहीत होतं. त्या म्हणाल्या, "मला जेवढं माहीत होतं तेवढं तिला सांगितलं. लाईट आली म्हणून ते खोटं होत नाही." आणि मग, "पण तिची पायपीट झाली ती झालीच." हे दुसरं वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं. मला वाटतं, लोक पहिलं वाक्य बोलून मोकळे होतात. दुसरं म्हणायला फार मोठं मन लागतं.

दुपार कलली तेव्हा त्यांनी उल्हासनगरला पुन्हा फोन केला. भाजणी दळून बाई कधीच गेली, असं कळलं. सासूबाईंनी हात धुतले, घरातून स्वतःचा पितळी सोऱ्या घेतला आणि मला म्हणाल्या, गिरणी सांभाळ. दिवाळीच्या ऐन गर्दीत त्यांनी गिरणी सोडल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. बाहेर रांग पायरीपर्यंत होती. मी विचारलं, एवढ्या लोकांना काय सांगू? त्या म्हणाल्या, खरं काय ते सांग, आणि निघून गेल्या.

पुढचं मला वहिनींनीच सांगितलं. पण ते बऱ्याच दिवसांनी, दिवाळी संपल्यावर, एका दुपारी आमच्याच कट्ट्यावर बसून. वहिनी स्टेशनवरून दुसऱ्या बाजूने घरी गेल्या होत्या, त्यामुळे लाईट नेमकी कधी आली ते त्यांना माहीत नव्हतं. भाजणी भिजवून पहिलं तेल तापत ठेवलेलं, तेवढ्यात दारात सासूबाई. सोऱ्या काखेत. आत पाय टाकायच्या आधी त्यांनी सांगितलं की तू गेलीस आणि लगेच लाईट आली, थांबली असतीस तर आत्तापर्यंत तुझा एक डबा चकल्या झाल्या असत्या. हे सांगून मग विचारलं, आत येऊ का?

"राग आला?" मी वहिनींना विचारलं.

"आला तर. गाडीभाडं गेलं, रिक्षा गेली, खांदे भरून आले, अन् ही बया दारात उभी राहून सांगतेय की सगळं फुकट गेलं. पण तेल तापलं होतं गं. भांडायला वेळ कुठला? म्हटलं, या, पाडा चकल्या."

रात्री जेवणाच्या वेळेला मी गिरणी बंद करून तिकडे गेले तेव्हा दोघींचं काम चालूच होतं. एक पाडत होती, एक तळत होती, वर्तमानपत्रांवर चकल्यांचे ढीग लागले होते. सासूबाईंच्या तळहातांवर सोऱ्या दाबून दाबून वळ उठले होते. दुसऱ्या दिवशी वहिनींनी डबे अंबरनाथला वेळेत पोचवले. कँटीनवाल्याने तिथेच उभ्याउभ्या एक चकली मोडून खाल्ली आणि म्हणे मान डोलावली. पुढच्या महिन्यापासून त्याच्या चहाबरोबर वहिनींची शंकरपाळी आणि कडबोळी जायला लागली, आणि दोन घरांतलं एक घर त्यांनी सोडलं.

कट्ट्यावर बसून वहिनींचं हे सगळं सांगून झालं. आत गिरणी चालू होती, सासूबाई पीठ चाचपून बघत होत्या. वहिनींच्या पायाशी त्यांचा रोजच्या गव्हाचा डबा होता. खरं तर दहा मिनिटवाला त्यांच्या घराला जवळ पडायचा. मी ते बोलून दाखवलं. म्हटलं, वहिनी, त्या दिवशी एवढं होऊनसुद्धा तुम्ही इथेच येता?

 त्या आतल्या बाजूला बघत, आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला आयुष्यभर सगळ्यांनी बसवूनच ठेवलंय गं. रेशनच्या दुकानात बसा, दवाखान्यात बसा, नवऱ्याच्या ऑफिसात साहेब येतायत, बसा. माझा वेळ जातोय हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. तुझी सासू एकटीच, जिने मला उठ म्हटलं."

मग पदराने डोळे पुसून त्यांनी आत हाक मारली, मावशी, माझ्यापुढे किती आहेत? सासूबाईंनी बाहेर येऊन आधी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, तू बस जरा, चहा टाकलाय.